हात लावू नये

सार्वजनिक बागांच्या फाटकांवर ज्या पाट्या लावलेल्या असतात त्या सर्व निषेधाच्याच का असाव्यात, या कोड्याचा उलगडा आम्हांस आजवर झालेला नाही. फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, पाण्याशी खेळू नये. परंतु 'या बागेत अमुक करावे' असे सांगणारी पाटी आमच्या तरी पाहण्यात नाही. कळंबोलीतील ज्या लहानशा बागेत आम्ही रोज सकाळी पाय मोकळे करावयास जातो, तिच्या पाटीवर असे सात निषेध आहेत आणि त्यांपैकी पाचवा 'झाडांना हात लावू नये' हा आहे. या पाचव्या कलमाचा भंग आम्ही वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अकरा मुलांना बरोबर घेऊन, उघड्या उजेडात केला. त्याची ही हकीकत आहे.

ज्या वाचकांनी कळंबोली पाहिली नाही त्यांनीही ती ओलांडलेली असण्याचा संभव आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो, आणि रस्ता जेथून सुरू होतो तेथे सहसा कोणी थांबत नाही. लोखंडाचा बाजार, मालगाड्यांचे यार्ड आणि मालमोटारींच्या रांगा ही आमच्या गावाची तीन भूषणे होत. मूळची कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा ही गावे भातखाचरांची आणि खाडीकाठच्या खाजणांची. सन १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने या सखल जमिनीवर भराव घालून त्यावर वसाहत उभी केली. त्यामुळे येथे एक वीत खणले की माती संपते व मुरूम लागतो. अशा जमिनीतही पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर वाढले, सावली देऊ लागले, हा त्या झाडांचा मोठेपणा समजला पाहिजे. आमच्या वसाहतीतील मुले त्यांच्या सावलीत क्रिकेट खेळतात. झाडाचे नाव विचारले असता 'स्टंप' असे सांगतात.

मुलांना हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही एकतीस वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकविला, आणि रंगीत खडूंनी फळ्यावर जास्वंदीचे फूल काढण्यात आमचा हातखंडा होता. पाच पाकळ्या, मधली केसरनलिका, टोकाशी पाच मखमली ठिपके. अशी ती आकृती पाहावयास शेजारच्या वर्गातील शिक्षकही डोकावत. शाळेच्या कुंपणाशी जास्वंदीचे एक झाड होते आणि त्याला बारमास फुले येत. परंतु त्यातील एखादे तोडून वर्गात आणावे, मुलांच्या हाती द्यावे, नखाने उभे चिरून दाखवावे, असे आम्हांस एकतीस वर्षांत एकदाही सुचले नाही. फळ्यावरचे फूल अधिक सोयीचे होते. त्याच्यावर मुंग्या नसत.

आम्हांस तरी ते कोणी शिकविले होते? आमच्या लहानपणी रोह्याहून मुंबईस सहल गेली, ती रिवाजाप्रमाणे भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली. ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली ती वनस्पतींची बाग म्हणून. जनावरे तेथे मागाहून आली. तेथे गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा आहे, खोडावरच फुलणारा कैलासपती आहे, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. आम्ही मात्र संबंध दिवस पिंजऱ्यांपुढून हललो नाही, आणि परतल्यावर निबंध लिहिला तोही वाघावर. बाग पाहून आलेल्या चाळीस मुलांपैकी एकानेही झाड पाहिले नव्हते.

असो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इमारतीतील मुलांची सहल काढण्याचे ठरले, आणि बरोबर कोणी तरी वडीलधारे असावे म्हणून आमची योजना झाली. मुलांचे मत एका जलक्रीडेच्या ठिकाणाला होते. परंतु तेथील तिकिटाचा आकडा ऐकून पालकांचे निसर्गप्रेम एकाएकी जागे झाले आणि धारावीचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ठरले. कळंबोलीहून शीवपर्यंत सरळ एकच रस्ता आहे. पलीकडे मिठी नदीच्या काठाशी ही सदतीस एकरांची राई आहे. आज आत शिरले असता खरे वाटत नाही, पण या जागी पूर्वी मुंबईचा कचरा टाकीत. सन १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लावले गेले, आणि १९९४ मध्ये ते उद्यान लोकांसाठी उघडले. कचऱ्याच्या ढिगावर माती पसरून, तीत तगतील अशी झाडे लावून, गळलेल्या पानांचे खत होऊ देत देत ही राई उभी राहिली. ज्या शहराने ही घाण केली त्याच शहराने ही राई केली, हे आम्ही मुलांना समजावून सांगत होतो. परंतु ऐकावयास कोणी जागेवर नव्हते.

मुले जमिनीवर बसली होती. कोणी करंजाच्या शेंगा फोडीत होते, कोणी पाने चुरगळून एकमेकांच्या नाकाशी धरीत होते. आमची नात इयत्ता पाचवीत आहे. ती एका कुजलेल्या ओंडक्याची साल उचलून आत काय आहे ते पाहत होती. आमच्या तोंडून सवयीने 'अगं, हात लावू नकोस!' असे निघाले. तेव्हा जवळून जाणारे, अंगावर मातीचे डाग असलेले एक गृहस्थ थांबले आणि सौम्यपणे म्हणाले, "लावू द्या की. पाहून झाल्यावर साल पुन्हा होती तशी ठेवायची, म्हणजे झालं." एवढे बोलून ते निघून गेले. ते कोण, माळी की अधिकारी, हे आम्हांस कळले नाही. नातीने साल होती तशी ठेवली, आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये आम्हांस विचारले, "आजोबा, आपल्या बागेत असं का नाही?"

या प्रश्नास आम्ही आमच्या पद्धतीने उत्तर दिले. म्हणजे अर्ज लिहिला. तो अर्ज चार पानी असून आमच्या मते वाचनीय होता. जर्मनीत फ्रेबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेस 'मुलांची बाग' असे नाव दिले, तेव्हा ती केवळ उपमा नव्हती, मुलांना त्याने खरोखरीच मातीचे वाफे नेमून दिले होते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात १९१४ पासून मुलांची स्वतंत्र बाग असून तेथे मुले स्वतः पेरतात, निंदतात आणि पिकलेली भाजी घरी नेतात. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर, गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी, गुरे चरतात त्या माळावरच कुरणशाळा भरविली. असे दाखले आम्ही त्यात दिले होते. 'वाडी' या शब्दाचा अर्थ आमच्या कोकणात नारळी-पोफळीची बाग असा असताना आजच्या बालवाडीत एक कुंडीही नसावी, असा एक टोलाही आम्ही लगावला होता. अर्ज संबंधित कचेरीत पोहोचल्याचा शिक्का आमच्यापाशी आहे. त्यापलीकडे त्याचे काय झाले ते विचारण्यात अर्थ नाही.

प्रश्न सोडविला तो बागेच्या माळीबुवांनी. हे गृहस्थ बार्शीकडचे. घरची चार एकर कोरडवाहू जमीन भावाकडे सोपवून पोटासाठी इकडे आलेले. आम्ही अर्जाची हकीकत सांगताच ते म्हणाले, "गुरुजी, एवढ्याशा वाफ्याला अर्ज कशापायी? पाण्याच्या टाकीमागं जागा पडून हाय. पोरांना घिऊन या रविवारी. पाटी फुडच्या फाटकावर हाय, टाकीमागं न्हाई." कायद्याचा इतका सूक्ष्म अर्थ आम्हांस सुचला नसता.

टाकीमागची जागा चार हात लांब व तीन हात रुंद होती. मुलांनी दोन रविवार खपून तीतील खडे वेचले. माती माळीबुवांनी कोठून आणली ते आम्ही विचारले नाही. काय पेरावे याचा निर्णय आम्ही केला, कारण शास्त्र आमचे. पुस्तकात अंकुरणाच्या पाठात घेवड्याची आकृती असते; घेवड्याचा जवळचा आप्त म्हणून वाल घ्यावा, आणि जोडीस हरभरा. वाल आमच्या घरी बिरड्यासाठी भिजत पडलेलेच होते. ते मागावयास स्वयंपाकघरात गेलो असता आम्ही नातीस, ही पहा साल, हिला बीजावरण म्हणतात, आणि आत ही दोन दले, असे समजावू लागलो. तेव्हा आमच्या सौभाग्यवती परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "बीजावरण म्हणजे साल ना? चाळीस वर्षं सोलतेय मी ते. कोंब कुठून फुटतो तेही विचारा हवं तर." आम्ही वाल घेऊन बाहेर पडलो.

वालाचे दहा व हरभऱ्याचे दहा, असे वीस दाणे मुलांनी पेरले. पाचव्या दिवशी वाल उगवला. तो कसा उगवतो हे आम्ही एकतीस वर्षे शिकविले होते, तरी प्रत्यक्ष पाहिला तो प्रथमच. आधी माती जराशी फुगते व तडकते. मग त्या फटीतून एक वाकलेली पाठ दिसते, एखादा मजूर पाठीवर गोणी घेऊन ओणवा चालावा तशी. ही पाठ म्हणजे दलांच्या खालचा दांडा. तो लांब होत होत सरळ होतो, आणि सरळ होताना मातीत अडकलेली दोन्ही दले वर ओढून काढतो. एका मुलाने घड्याळ लावून सकाळभर तेथे बैठक मारली आणि दुपारी धावत येऊन सांगितले की, 'डोकं निघालं!' आम्ही मोठ्या समाधानाने सर्वांस सांगितले की, हे पहा, पुस्तकात आहे अगदी तसेच. आता हरभऱ्याचीही दले अशीच वर येतील.

सातव्या दिवशी हरभऱ्याचे बारीक, हिरवे, नक्षीदार पानांचे कोंब वर आले. त्यांत दले नव्हती. आम्ही म्हणालो, गळून पडली असतील. मुलांनी माती चाळली. गळलेली दले सापडली नाहीत. आम्ही म्हणालो, मुंग्यांनी नेली असतील. तेव्हा आमच्या नातीने आमची परवानगी न घेता एका कोंबाच्या बाजूची माती बोटाने उकरली. हरभरा पेरला होता तेथेच, जमिनीखाली, साल फाटून बसला होता. दोन्ही दले शाबूत होती आणि त्यांच्या मधून एक बारीक दांडा वर गेला होता. दुसरा उकरला, तिसरा उकरला, सर्वांचे तेच. माळीबुवा नळी गुंडाळीत उभे होते. ते म्हणाले, "हरभऱ्याची डाळ कवाच वर येत न्हाई, गुरुजी. ती खालीच ऱ्हाती. म्हणून तर शेळीनं शेंडा खाल्ला तरी पुन्यांदा फुटतो. वालाला शेळीनं वरून खाल्लं, की संपलं."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. वालात, चवळीत, मुगात दलांच्या खालचा दांडा वाढतो म्हणून दले वर येतात. हरभऱ्यात, तुरीत, वाटाण्यात दलांच्या वरचा दांडा वाढतो म्हणून ती खाली राहतात, आणि त्यांच्या बगलेतील डोळे मातीत सुरक्षित असल्यामुळे वरचा कोंब गेला तरी दुसरा फुटू शकतो. हे सर्व मोठ्या पुस्तकांतून छापलेले आहे. पदवीच्या परीक्षेत आम्ही ते लिहिलेही असले पाहिजे. परंतु लिहिलेले आणि पाहिलेले यांची गाठ आमच्या डोक्यात कधी पडली नव्हती. मुले आता आनंदाने उरलेले हरभरेही उकरीत होती, आणि आम्ही टाकीच्या कठड्यावर बसलो होतो. कारण आम्हांस एक उत्तरपत्रिका आठवली होती.

सन १९९८ ची सहामाही परीक्षा. प्रश्न होता, द्विदल बीजाच्या अंकुरणाची आकृती काढून भागांस नावे द्या; गुण तीन. एका मुलीने जमिनीची आडवी रेघ मारून तिच्या खाली दोन दले काढली होती, वर बारीक दांडा आणि चिमुकली पाने. खाली स्वच्छ अक्षरात 'हरभरा' असे लिहिले होते. आम्ही लाल शाईने ती आकृती खोडली, बाजूस 'दले जमिनीच्या वर दाखवावीत' असे लिहिले आणि तीनपैकी शून्य दिले. पेपर वाटले त्या दिवशी ती आमच्या टेबलाशी आली. वर्गात ती कधी बोलत नसे. म्हणाली, "सर, मी डब्यात लावून बघितला होता." यावर आम्ही जे बोललो ते आम्हांस शब्दशः आठवते, आणि न आठवते तर बरे झाले असते. आम्ही म्हणालो, "परीक्षेत शिकविलेले लिहावयाचे असते, पाहिलेले नव्हे." वर्ग हसला. तिने पेपराची चौघडी घातली आणि ती जागेवर जाऊन बसली.

एवढेच असते तर आम्ही त्यास चूक म्हणून सोडून दिले असते. शिक्षकाच्या हातून चुका होतात. परंतु वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला, आणि त्या मुलीने दले वर काढली. आम्ही तिला तीनपैकी तीन गुण दिले. सुधारणा झाली म्हणून मनात समाधानही मानले. त्या दोन आकृत्यांच्या मधल्या सहा महिन्यांत त्या मुलीच्या घरचा डबा कोठे गेला असेल, तिने त्यात पुन्हा काही लावले की नाही, हे आता कोणास विचारणार? तिचे वडील लोखंडाच्या बाजारात कामास होते एवढे आठवते. नाव आठवते, पण ते येथे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांजवळ आम्ही चौकशी केली. त्यांना ती आठवत नव्हती. आमची जास्वंद मात्र सर्वांस आठवत होती.

हा प्रसंग आम्ही मुलांना सांगितला. कथा सांगून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग घड्याळ लावून बसणाऱ्या मुलाने विचारले, "मग आता तिचे तीन मार्क वाढणार का?" आमच्या नातीने त्यास कोपराने ढोसले.

पालकांकडून तक्रारी आल्या नाहीत असे नाही. नखांत माती जाते, रविवारची शिकवणी बुडते, इत्यादी. त्यांतील एक शंका मात्र आम्हांस अजून निरुत्तर करते. एका मुलाचे वडील बागेत आम्हांस गाठून अत्यंत आदराने म्हणाले, "गुरुजी, तुमचं हे छान आहे. पण उद्या पेपर तपासणाऱ्यानं पुस्तकातलीच आकृती हवी म्हटलं, तर आमच्या मुलानं काय काढायचं?" दोन्ही काढावीत व दोहोंखाली बियांची नावे लिहावीत, असे आम्ही सांगितले. ते मान हलवून गेले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही. आम्ही एकतीस वर्षे पेपर तपासले आहेत. त्यांच्या शंकेतील वजन आम्हांस ठाऊक आहे.

उकरलेल्या दहा हरभऱ्यांपैकी सहा पुन्हा पुरल्यावर जगले. माळीबुवांनी सांगितल्याप्रमाणे मुलांनी त्यांतील दोघांचे शेंडे खुडले, आणि त्यांना बगलेतून फांद्या फुटल्या. उरलेले चार सरळ वाढले. झाडे मोठी झाली की पहाटे पानांवरून बोट फिरवून ते चाटावयाचे आहे, कारण हरभऱ्याच्या पानांवर आंबट रस सुटतो व त्यासाठी गावाकडे रात्री शेतावर धोतर पसरून ठेवतात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. वालाचा वेल टाकीच्या पाइपावर चढला आहे. त्याला शेंगा आल्या तर पोपटी लावावयाची, असा मुलांचा बेत आहे; दहा वेलांच्या शेंगांनी मडक्याचा तळही झाकणार नाही, हे त्यांना अद्याप कळलेले नाही. पावसाळ्याच्या अखेरीस खाडीकाठी जाऊन तिवराची फळे आणावयाची आहेत. त्या झाडाचे बी आईच्या फांदीवर असतानाच फळाच्या आत अंकुरून तयार होते, आणि मग चिखलात पडते. तेव्हा दले वर म्हणावीत की खाली, यावर वाफ्याशी बसून बराच वाद झाला.

माळीबुवा तूर काढावयास पंधरा दिवस गावी गेले आहेत. नळाची चावी ते आमच्याकडे न देता आमच्या नातीकडे देऊन गेले. येताना ते तुरीचे बी आणणार आहेत, आणि चिंचोके मुलांनी जमविले आहेत. कोणाची दले वर येतील आणि कोणाची खाली राहतील यावर अकरा जणांच्या पैजा लागल्या असून त्या एका वहीत लिहिल्या आहेत. उगवेपर्यंत आम्ही त्याविषयी एक अक्षरही बोलू नये, असे आम्हांस बजावण्यात आले आहे.